कलेचा उत्सव आणि वालूरची बारव



कलेचे वार्षिक उत्सव हा मुंबई-पुण्याचा विषय, त्याचे आपल्या गावी काय काम, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल. पण उत्सव गावाला काय देऊन जातो, हा प्रश्न मुंबईइतकाच वालूरचाही आहे. त्याचाच आज आपण विचार करू.

प्रथम मुंबईकडे पाहू. तेथे फोर्ट भागात काळा घोडा नावाचा चौक आहे. सातवा एडवर्ड युवराज असताना १८७५-७६ साली हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून सॅसून घराण्याने दिलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली तेथे उभा राहिला. लोकांनी चौकाला नाव दिले ते मात्र स्वाराचे नव्हे, घोड्याचे! १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. मागे नाव तेवढे उरले आणि जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढे १९९८ साली त्या भागाच्या जपणुकीसाठी एक संस्था निघाली आणि १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. महामारीच्या काळातला खंड सोडला, तर माघाच्या सुमारास नऊ दिवस तो भरत आला आहे. रस्त्यावरची वाहने थांबतात. चित्रे, शिल्पे, नृत्य, नाटक, वास्तुरचना हे सारे लोकांपुढे मांडले जाते, आणि त्यासाठी प्रवेशमूल्य नसते. २०१७ साली चौकात नवा घोडाही आला. ह्या खेपेस पाठीवर स्वार नसलेला.

ह्या उत्सवावर टीका होते ती अशी, की त्यात गर्दी फार, बाजार फार, आणि छायाचित्रे काढून घेणारे रसिकांहून अधिक. ह्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याच संस्थेच्या पुढाकाराने फोर्टातल्या मुळजी जेठा कारंज्याचा जीर्णोद्धार झाला, हेही लक्षात ठेवावे लागते. एका बापाने अकाली वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ साली बांधलेली ती पाणपोई. नऊ दिवसांचा गलबला विरला, तरी घडीव दगडाचे ते काम शहराच्या पदरात राहिले. उत्सवाची परीक्षा अशा कामावरूनच करावी, असे आम्हांस वाटते.

आता पाण्याच्या ह्याच वाटेने वालूरला येऊ. आपल्याकडे शिल्पकृती मांडावी लागत नाही. ती जमिनीत उतरलेली आहे. बारवेच्या चक्राकार पायऱ्या हा केवळ नक्षीचा हौशी खेळ नव्हे. पावसाळ्यात पाणी वर येते, ज्येष्ठापर्यंत तळ गाठते. पाणी जेथे असेल तेथपर्यंत घागर घेऊन पायी जाता यावे, म्हणून पायऱ्या. आणि गोल भिंतीला बाहेरची माती जसजशी रेटते, तसतसे दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. आडवी निजवलेली कमानच ती. गरज, गणित आणि सौंदर्य ही तिन्ही येथे एकाच दगडात बसली आहेत. आजकाल ज्याला ‘डिझाइन’ म्हणतात, ते ह्याहून निराळे काय असते?

ह्या बारवेचे चित्र टपाल खात्याने २०२२ साली पोस्टकार्डावर छापले. अलीकडच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक बारवांवर महाशिवरात्रीस दिवे लावण्याची प्रथाही रुजत आहे. पायरीपायरीवर पणत्या तेवू लागल्या की पाहणाऱ्याचे भान हरपते. उत्सव तो हाच. मात्र दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर तेलाचे डाग आणि फुटक्या पणत्याच उरणार असतील, तर टीकाकार मुंबईला जे बोल लावतात, ते आपल्यालाही लागू पडतील.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू, पण बोललीच पाहिजे. पाणवठा सर्वांचा, असे आपण सहज म्हणून जातो. तो सर्वांचा नव्हता, म्हणून तर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. जुन्या बारवांचे कौतुक करताना, ह्या देशात किती माणसे काठावर ओंजळ धरून ताटकळली, हे विसरून चालणार नाही. म्हणून दीपोत्सवाच्या रात्री प्रत्येक आळीतले, प्रत्येक वस्तीतले हात पायरीवर पणती ठेवताना दिसले पाहिजेत. तसे झाले नाही, तर ती रोषणाई फुकट आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. उत्सव माघात करावा, पण त्याचा पूर्वार्ध त्याआधीच्या उन्हाळ्यात पार पाडावा. पाणी खाली गेले की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली गाळ उपसावा आणि दगडांच्या सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे. कारण आज बोटाएवढे असलेले मूळ उद्या भिंत फोडते. शाळेतल्या मुलामुलींनी गुरुजींबरोबर उतरून पायऱ्या मोजाव्यात, टेप लावून आराखडा काढावा, आणि पाणी कितव्या पायरीवर आहे हे दर महिन्याला एका वहीत लिहावे. ती वही दीपोत्सवाच्या दिवशी बारवेच्या तोंडाशी सर्वांनी वाचावयास ठेवावी. पाहुण्यांना पणत्या दिसतील. गावाला आपले पाणी किती चढले, किती उतरले, हे कळेल.