पिवळ्या झाकेचा मोह

सरकारी कचेरीत खरेदीच्या कागदांवर सही करणाऱ्या माणसाला पुष्कळदा अशा गोष्टींचा निवाडा करावा लागतो, की ज्यांचे शिक्षण त्याने कधी घेतलेले नसते. मी अर्थशास्त्राचा एम. ए.; पण कोकण किनाऱ्यावर बसवायच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या पेट्यांना कोणता लेप द्यावा, हा प्रश्न बंगळूर येथे माझ्याच मेजावर आला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली ज्या शहरात विमानाचा कारखाना काढला, तेथे ॲल्युमिनियमचे जाणकार शोधावे लागत नाहीत. त्यांच्याकडून जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असा आपला समज असतो. त्याच्या अंगावर हवेने आपोआप एक पातळ कवच चढते, हे खरे. परंतु खारा वारा ते कवच भेदतो आणि धातूवर पांढरी भुकटी धरते. ओतकामाच्या धातूत सिलिकॉन आणि कधी कधी तांबेही असते. तांबे अधिक, तर क्षरणही अधिक. त्यातच पोलादी स्क्रू बसविला, तर खाऱ्या ओलाव्यात झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते.

यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे क्रोमेटचा सोनेरी पिवळा लेप. त्याचा गुण असा, की ओरखडा पडला तर लेपातील षट्संयुज क्रोमियम ओलाव्याबरोबर तेथवर सरकते आणि जखम भरून काढते. परंतु श्रोतेहो, जे ओरखड्यापर्यंत जाते, ते विहिरीपर्यंतही जाते. हे द्रव्य कर्करोगकारक आहे. मुलामा देणाऱ्या कारखान्यांची जेथे दाटी आहे, त्या बंगळूरच्या पीण्या भागातील भूजलात क्रोमियम आढळले आहे. गुण आणि दोष येथे एकाच स्वभावाची दोन नावे आहेत.

युरोपने २००६ सालापासून विद्युत उपकरणांत या द्रव्यावर मर्यादा घातली. आपल्याकडे २०१२ साली अमलात आलेल्या नियमांनी ती वजनाच्या ०.१ टक्का ठरविली. तेव्हा पर्याय पाहणे आले. त्रिसंयुज क्रोमियमचा लेप पुष्कळच निरुपद्रवी आहे. झिर्कोनियम व टिटॅनियम यांचे लेप क्रोमियमवाचूनच होतात. त्यांवर भुकटीरंग भाजून चढविला, म्हणजे दुहेरी संरक्षण मिळते. ॲनोडायझिंगही उत्तम, पण सिलिकॉन भरपूर असलेल्या ओतीव भागावर ते करडे आणि डागाळ उमटते.

आता माझी चूक सांगतो. त्रिसंयुज लेपाचा पहिला नमुना जवळजवळ रंगहीन होता. पिवळी झाक दिसेना, म्हणून ‘लेप दिलेला नाही’ असा शेरा मारून मी तो परत पाठविला. डोळ्यांना जी खूण सवयीची, तिलाच मी गुणवत्ता समजत होतो. पुढे तेच नमुने ३५ अंश सेल्सिअसला पाच टक्के मिठाच्या फवाऱ्यात १६८ तास ठेवले, तेव्हा ते निष्कलंक निघाले आणि मला शेरा खोडावा लागला.

त्यानंतर निविदेत आम्ही रंगाचे नाव काढून टाकले. पेटी कोठे बसणार, किती वर्षे टिकावी, स्क्रू कोणत्या धातूचे, हे लिहिले. षट्संयुज क्रोमियम वस्तूत नको, तसेच कारखान्याच्या हौदातही नको, हेही लिहिले. चाचणी गुळगुळीत पत्र्यावर न घेता प्रत्यक्ष ओतीव तुकड्यावर घ्यावी, अशी अट घातली. कारण ओतकामाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेला द्रव भट्टीत बाहेर येऊन रंगाला फोड आणतो, आणि पत्रा हे गुपित कधीच सांगत नाही. मिठाचा फवारा किनाऱ्यावरील वर्षांचा हिशेब देत नाही, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

स्वस्त निविदेवर सही करताना पेटीची किंमत समोर लिहिलेली असते; हौदाकाठच्या कामगाराच्या हातांची आणि शेजारच्या विहिरीची किंमत कोणी लिहून आणत नाही. ती आपणच मांडून घ्यावयाची असते.