रस्त्यावरची शिस्त रक्तांत असते काय?

परदेशाहून नुकताच परतलेला गृहस्थ चार मित्रांत बसला म्हणजे दोन गोष्टी हटकून सांगतो. एक, तिकडील रस्त्यांची स्वच्छता. आणि दुसरी, तिकडील रहदारीची शिस्त. मध्यरात्रीं रस्त्यावर चिटपाखरूहि नसतां तांबडा दिवा पाहून मोटार कशी उभी राहते, याचें तो रसभरित वर्णन करतो आणि शेवटीं सुस्कारा टाकून म्हणतो, "तें त्यांच्या रक्तांतच आहे; आपल्याकडे तें व्हावयाचें नाहीं." ऐकणारे माना डोलावितात, चहा संपतो, आणि मंडळी आपापल्या वाहनांवर बसून, जवळची वाट म्हणून उलट दिशेनें, घरोघर जातात.

हा सुस्कारा निरुपद्रवी दिसला तरी फार महाग पडणारा आहे. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे सरासरीनें दररोज ४६० हून अधिक माणसें घरून निघालीं तीं परत आलीं नाहींत. जो दोष रक्तांतला म्हणून ठरला, त्यावर उपाय शोधण्याची कोणास गरज वाटत नाहीं. म्हणून शिस्त हा खरोखरच रक्ताचा गुण आहे काय, हें कांहीं देशांच्या अनुभवावरून पडताळून पाहणें अगत्याचें आहे.

शिस्तीचें नांव निघालें कीं प्रथम जपान आठवतो. परंतु याच जपानांत १९५८ च्या सुमारास टोकियोमधील भाड्याच्या मोटारींना लोकांनीं 'कामिकाझे टॅक्सी' असें नांव ठेविलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या जहाजांवर विमानासह कोसळून प्राण देणाऱ्या वैमानिकांचें तें नांव. त्यावरून त्या मोटारी कशा धांवत असतील याची कल्पना करावी. त्यांचे चालक जन्मतः अविचारी होते असें नाहीं. जितकें भाडें अधिक तितकें वेतन अधिक, आणि दिवसाची ठराविक रक्कम भरलीच पाहिजे असा मालकाचा तगादा. यामुळें भरधांव जाणें हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होऊन बसला होता. पुढें मोटारी वाढल्या तसे अपघातहि वाढले, आणि 'रहदारीचें युद्ध' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडीं बसला. १९७० या एका वर्षांत तेथें १६,७६५ माणसें दगावलीं. त्याच वर्षीं रहदारीच्या सुरक्षिततेचा मूलभूत कायदा झाला. फूटपाथ, सिग्नल आणि पादचाऱ्यांसाठीं पूल बांधले गेले. हात उंच करून रस्ता कसा ओलांडावा याचे पाठ लहान मुलांना मिळूं लागले. २०२० मध्यें मृतांची संख्या २,८३९ वर उतरली. पन्नास वर्षांत राष्ट्राचें रक्त बदलत नाहीं. संवय मात्र बदलते.

हॉलंडची गोष्टहि अशीच उद्बोधक आहे. हॉलंड म्हटलें कीं सायकलीवरून निर्धास्तपणें शाळेस जाणारीं मुलें डोळ्यांपुढें येतात. पण १९७१ मध्यें त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां पालकांनींच 'बालहत्या थांबवा' या नांवाची चळवळ उभारली. अपघाताच्या जागीं त्यांनीं ठाण मांडलें, गल्ल्या मोटारींना बंद करून मुलांना खेळावयास मोकळ्या केल्या. सायकलींचे स्वतंत्र मार्ग आणि मोटारीला पायींच्या गतीनें जावयास लावणाऱ्या गल्ल्या त्यानंतर वाढत गेल्या. आज पाहुण्याला जी त्या लोकांची उपजत शिस्त वाटते, ती त्यांच्या मागच्या पिढीनें भांडून मिळविलेली आहे.

मग नुसत्या हुकुमानें शिस्त येते काय? याचें उत्तर स्वीडनमध्यें सांपडतें. त्या देशांत पूर्वीं वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालत, शेजारच्या देशांत मात्र उजव्या. १९५५ मध्यें लोकमत घेतलें तेव्हां शंभरांतील सुमारें ८३ मतदारांनीं बदलास विरोध केला. तरीहि सरकारनें निर्णय घेतला, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहांटे पांच वाजतां सारा देश डावीकडून उजवीकडे आला. मोठा अनर्थ होईल अशी पुष्कळांस भीति होती. घडलें तें उलटेंच: अपघात कमी झाले! प्रत्येकजण जपून हांकीत होता, दुसऱ्याची चूक होईल हें गृहीत धरून चालत होता. परंतु नवेपणा ओसरला, सावधगिरी सैल झाली आणि दोनएक वर्षांत अपघातांचें प्रमाण पुनः पहिल्याइतकें झालें. भीतीनें आलेली शिस्त भीतीबरोबरच जाते. म्हणूनच कीं काय, १९९७ मध्यें तेथील संसदेनें निराळें धोरण स्वीकारलें: मनुष्य चुकणारच, पण त्याची चूक त्याच्या प्राणावर बेतूं नये अशा बेतानें रस्ताच बांधावयाचा. समोरासमोरची टक्कर टाळण्यासाठीं रस्त्याच्या मध्यें तारांचे कठडे आले, आणि चौकांच्या जागीं वेग कमी करावयास लावणारीं वर्तुळें आलीं.

भीतीपेक्षां लाज कित्येकदां अधिक काम करते. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा ही बेशिस्त रहदारीसाठीं कुप्रसिद्ध होती, आणि तेथील रहदारीचे पोलीस लांचलुचपतीसाठीं. १९९५ मध्यें गणित व तत्त्वज्ञान यांचे प्राध्यापक अंतानास मोकुस तेथें महापौर झाले. त्यांनीं चौकाचौकांत तोंडाला पांढरा रंग फांसलेले मूकनट उभे केले. पट्टे ओलांडून मोटार पुढें घेणाऱ्याची, वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्याची हे नट हुबेहुब नक्कल करीत, आणि भोंवतालचे लोक हंसत. दंड भरून निर्लज्जपणें निघून जाणारा मनुष्य त्या हंशानें ओशाळूं लागला. पुढें मद्यगृहांच्या वेळा आंखणें, बसगाड्यांना स्वतंत्र मार्ग देणें, असे इतर उपायहि झाले, आणि सुमारें दहा वर्षांत अपघाती मृत्यूंची संख्या निम्म्याच्या आसपास आली.

येथें एखादा चिकित्सक श्रोता न्यूयॉर्कचा दाखला पुढें करील. त्या शहरांत संयुक्त राष्ट्रसंघासाठीं जगांतील देशोदेशींचे मुत्सद्दी राहतात. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९७ ते २००२ या काळांतील त्यांच्या दंडांच्या नोंदी तपासल्या. भलत्या जागीं मोटार उभी केल्याबद्दलचीं दीड लाखांहून अधिक दंडपत्रें न भरतां पडून होतीं. ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक, त्यांचे प्रतिनिधि यांत पुढें. नॉर्वे व स्वीडन यांच्या नांवावर असें एकहि दंडपत्र नव्हतें. तेव्हां मनुष्य आपली संवय सामानासकट बरोबर नेतो, हें खरेंच. पण गोष्ट येथें संपत नाहीं. २००२ मध्यें शहरानें, दंड थकविणाऱ्यांच्या मोटारींवरील मुत्सद्देगिरीच्या खास नंबरपट्ट्या काढून घेण्यास सुरुवात केली. आणि तेच मुत्सद्दी, तेंच रक्त, तींच शहराची गजबज असतां हे गुन्हे जवळजवळ नाहींसे झाले!

यासाठीं न्यूयॉर्कलाहि जावयास नको. पुण्यामुंबईचा तरुण नोकरीनिमित्त दुबईस किंवा सिंगापुरास जातो, आणि थोड्याच दिवसांत तेथें पट्ट्यामागें मोटार उभी करूं लागतो. तोच सुट्टींत घरीं आला कीं दुसऱ्या दिवशीं चौकांत भोंगा वाजवीत पुढें घुसतो. विमानाच्या प्रवासांत त्याचें रक्त दोनदां बदललें, असें कोणी म्हणणार नाहीं.

याचा अर्थ सारा दोष हांकणाराचा असाहि नव्हे. फूटपाथ नाहीं तेथें पादचारी रस्त्यावरच येणार. खड्डा चुकवितांना वाहन वांकडें जाणारच. परवाना परीक्षेशिवाय मिळत असेल तर न शिकलेले चालक रस्त्यावर येणारच. हीं कामें सरकारचीं आणि नगरपालिकांचीं आहेत, आणि हॉलंडमधील आईबापांप्रमाणें त्यांचा पाठपुरावा करणें हें नागरिकांचें काम आहे.

परंतु एक काम कोणत्याहि कचेरीकडे सोंपवितां येत नाहीं. सकाळीं शाळेची घंटा होण्याच्या बेतांत असते. वडिलांच्या स्कूटरवर मागें दप्तर घेऊन मूल बसलेलें असतें. चौकांत तांबडा दिवा लागतो. वडील डावीकडे पाहतात, उजवीकडे पाहतात, शिपाई नाहीं अशी खात्री करतात आणि गाडी दामटतात. मूल वेळेवर शाळेंत पोंचतें, पण दिवसाचा पहिला धडा त्याचा वाटेंतच झालेला असतो: नियम हा शिपायासाठीं असतो. हाच मुलगा पुढें मोठेपणीं परदेशीं जाऊन येईल, आणि मित्रमंडळींत बसून सुस्कारा टाकील, कीं शिस्त ही त्यांच्या रक्तांतच आहे. त्या चौकांत वडील अर्धें मिनिट थांबले असते, तर त्याला तसें म्हणण्याचें कारण उरलें नसतें.