आधी मीटर, मग मोटार

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मोटारीची खरेदी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं कुणाला वाटेल. पण घर आणि मुलांचं शिक्षण सोडलं, तर मध्यमवर्गीय कुटुंबाची एवढी मोठी रक्कम एका सहीने क्वचितच जाते. त्या सहीआधीचा विचार मात्र शोरूममधल्या पडद्यापासून सुरू होतो आणि गाडीच्या रंगापाशी संपतो. विजेवरच्या एसयूव्हीच्या बाबतीत त्यात आणखी एका आकड्याची भर पडली आहे. एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हा तो आकडा. अमरावती असो की अकोला, चर्चा त्याच्यापाशीच घोटाळते. माझं म्हणणं असं आहे की वऱ्हाडातल्या कुटुंबाला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथवर वीज कशी पोचणार, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की बॅटरी केवढी हवी हे ठरवणं सोपं होतं, आणि ती बहुतेकांच्या मनात असते त्याहून लहान निघते.

आधी त्या किलोमीटरच्या आकड्याची झडती घेऊ. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात सांगतात. म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा तिच्यात 30.2 युनिटांची बॅटरी होती. 2024 मध्ये तीच गाडी 45 युनिटांची झाली आणि चाचणीत 489 किलोमीटर जाते असं जाहीर झालं. त्याच वेळी टाटांनी आणखी एक आकडा स्वतःहून दिला: प्रत्यक्ष रस्त्यावर बहुसंख्य ग्राहकांना 350 ते 370 किलोमीटर मिळतील. याला मी प्रामाणिकपणा म्हणेन. पण दोन आकड्यांतलं अंतर सव्वाशे किलोमीटरचं आहे आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोणता छापला जातो हे सांगायला नको. शिवाय ही प्रत्यक्षातली मर्यादाही मध्यम वेगाची आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 120 वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. अमरावती-अकोला हा रस्ता आठवा. जून 2022 मध्ये याच महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला की पाय आपोआप दाबला जातो. ताशी 100 ने, एसी लावून, पाच माणसं घेऊन निघालात तर 45 युनिटांत अडीचशे किलोमीटर धरून चाला. समृद्धी महामार्गावर 120 ने गेलात तर दोनशेच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीलाही वेगाचा भुर्दंड पडतोच, पण तिथे पंप जागोजागी असल्याने तो कुणी मोजत नाही.

दुसरा हिशेब उन्हाचा. मे 2024 मध्ये अकोल्यात उष्णतेपायी जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं होतं. तिथे नवतपात गाडी कशी वागेल, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडत नाही. उन्हाचा परिणाम दोन वेगवेगळ्या ठिकाणी होतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे एसीचा खर्च. मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 ला गाडी साधारण 11 ते 12 किलोवॉट खाते. एसीचे दीड-दोन किलोवॉट म्हणजे त्याचा सहावा-सातवा हिस्सा. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या गर्दीत ताशी 20 ने सरकताना मात्र गाडीला जेमतेम अडीच-तीन किलोवॉट लागतात आणि एसी तेच दीड-दोन किलोवॉट मागतो. टक्क्यांत फटका गावात मोठा बसतो. पण गावात दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच चालायचं असतं, म्हणून तो सोसतो. दुसरा परिणाम बॅटरीच्या आयुष्यावर, आणि हा खरा चिंतेचा. पूर्ण भरलेली बॅटरी 45 अंशांत दिवसभर उभी राहिली की तिची झीज वेगाने होते. यात रसायनाचा फरक पडतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या, ज्यांना एलएफपी म्हणतात, निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्यांपेक्षा उष्णता जास्त सोसतात. वजनाच्या मानाने त्या कमी वीज साठवतात, हे खरं. तरी वऱ्हाडासाठी माझी पसंती एलएफपीला, आणि तीही द्रवाने थंड ठेवलेली असेल तरच. विक्रेत्याला सनरूफविषयी विचारण्याआधी हे विचारा.

आता कुटुंब खरंच कुठे जातं ते पाहू. कचेरी, शाळा, बाजार, शेतावरची चक्कर, हे रोजचं. शनिवार-रविवारी शेगाव, लग्नसराईत अकोला, यवतमाळ, परतवाडा. अमरावतीहून अकोला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. रात्री घरी पूर्ण भरलेली 45 युनिटांची गाडी वाटेत न थांबता परत येते. नागपूर जाऊन-येऊन तीनशे दहा. इथे नागपुरात तासभर चार्जिंगला लावावी लागेल, आणि नागपुरातलं कोणतंही काम तासाभराच्या आत आटोपत नाही. चिखलदऱ्याच्या घाटाची लोकांना उगाच भीती वाटते. अमरावतीपासून तिथवरची चढण साधारण साडेसातशे मीटर. अठराशे किलोची भरलेली गाडी एवढी वर चढवायला, वाया जाणारी धरून, चार-साडेचार युनिटं लागतात. म्हणजे सपाटीवरचे तीसेक किलोमीटर. उतरताना मोटार जनित्रासारखी चालून त्यातला बराच भाग बॅटरीत परत घालते. घाट खातो ते आपल्याला दिसतं आणि मोकळ्या रस्त्यावरचा वेग खातो ते दिसत नाही, एवढाच फरक.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: पोरगं पुण्याला आहे, दिवाळीला जावं लागतं, तेव्हा काय करायचं? आक्षेप खोटा नाही. अमरावती ते पुणे पावणेसहाशे किलोमीटर, 45 युनिटांच्या गाडीला दोन किंवा तीन थांबे, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चार्जरपुढे रांग. पण वर्षातल्या दोन प्रवासांसाठी आपण काय मोजतो ते बघा. महिंद्राची बीई 6 किंवा एक्सईव्ही 9ई 59 आणि 79 युनिटांत मिळते, हॅरियर ईव्ही 65 आणि 75 मध्ये. या उत्तम गाड्या आहेत, पण लहान बॅटरीच्या गाडीपेक्षा त्यांना कित्येक लाख जास्त पडतात आणि ते जास्तीचं वजन उरलेले साडेतीनशे दिवस शाळेच्या फाटकापर्यंत वाहून न्यायचं. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून रेल्वे आहे, 16 एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमानही आहे, आणि त्या दोन प्रवासांना भाड्याची गाडी घेतली तरी हिशेब फायद्यातच राहतो. ज्याला धंद्यापायी आठवड्यातून तीनदा नागपूर-औरंगाबाद करावं लागतं, त्याची गोष्ट निराळी. त्याने मोठी बॅटरी जरूर घ्यावी. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे आणि महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्टही आहे. उद्दिष्ट आणि चालू चार्जर या मात्र दोन वस्तू आहेत. शिवाय समृद्धी अमरावती जिल्ह्यातून धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो, शहर त्याच्यापासून बाजूलाच राहतं. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल द्यावाच लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे मीटरकडे. साध्या 15-16 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला तीन युनिटं घेते. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत चोवीस युनिटं, म्हणजे दीडशे किलोमीटर. रोजच्या वापराच्या पाचपट! 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर लावला तर पूर्ण बॅटरी सहा-सात तासांत भरते. पण आपल्या किती घरांचा मंजूर भार तेवढा आहे? जुन्या बंगल्यांत तो दोन-तीन किलोवॉटचा असतो. मे महिन्यात दोन कूलर, एक एसी आणि वर गाडी, एवढं ओझं त्या वायरिंगवर टाकलं की आधी कटआउट जळतं आणि मग गल्लीतल्या डीपीवर शेजाऱ्यांचा राग निघतो. अर्थिंगचं तर बोलायलाच नको. कित्येक घरांत अर्थिंगचा खड्डा घर बांधताना घातला, त्यानंतर त्यात पाणी कुणी ओतलं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. फ्रिज तसाही चालतो. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि पटलं नाही तर सरळ चार्ज करायला नकार देतो. मग लोक गाडीला दोष देतात. चांगला वायरमन बोलावून नवा खड्डा करणं हे काही हजारांचं काम, पण गाडी येण्याआधी करायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण आणखी मोठी: पार्किंग खाली, मीटर वेगळ्या खोलीत आणि मध्ये सोसायटीची सभा. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली आहे, ती मागावी. आणि ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यांनी आज विजेची एसयूव्ही घेऊ नये. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर घरची गाडी चालवणं म्हणजे महाग दरही द्यायचा आणि वेळही.

पैशाचा हिशेब याच्यापासून तोडून करता येत नाही. पेट्रोलची एसयूव्ही लिटरला 14 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. विजेच्या गाडीला युनिटमागे पावणेसात किलोमीटर धरू. उन्हाळ्यात आपलं बिल आधीच 300 युनिटांच्या वर गेलेलं असतं, म्हणून गाडीची वीज चढ्या टप्प्यात पडते. युनिटला 15 रुपये धरले तरी किलोमीटरला सव्वादोन. वाचले सव्वापाच. गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला सत्तावन्न हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे हे पैसे सव्वातीन वर्षांत निघतात; सातशे चालवणाऱ्याचे जवळजवळ सात वर्षांत. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांचा 5 टक्केच राहिला. म्हणजे लहान एसयूव्हीत विजेचा जुना कर-फायदा आटला, मोठ्यांत तो टिकून आहे, कारण तिथे पेट्रोल-डिझेलवर 40 टक्के आहे. ज्यांच्या घरावर मोकळी गच्ची आहे त्यांचा हिशेब आणखी पालटतो. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान आहे. तेवढे पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिटं देतात, म्हणजे ऐंशी किलोमीटर. ज्या उन्हाने बॅटरी झिजते त्याच उन्हावर ती भरावी, हा व्यवहार मला पटतो.

पर्यावरणवाद्यांचा आणि त्यांच्या टीकाकारांचा वाद मी थोडक्यात घेतो. टीकाकार म्हणतात, वीज कोळशाचीच. आपल्याला हे नाकारता येत नाही. अकोला जिल्ह्यात पारस आहे, अमरावतीला लागून नांदगावपेठ आहे, दोन्ही कोळशावरचे प्रकल्प. निव्वळ कोळशाच्या विजेवर गाडी चालली तर किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, पेट्रोलच्या एसयूव्हीचा 165 च्या जवळ. फरक नगण्यच. देशभरच्या सरासरी विजेवर तो आकडा 110 ग्रॅमच्या घरात येतो आणि गच्चीवरच्या विजेवर फारच खाली. तेव्हा केवळ पृथ्वी वाचवायची म्हणून तीस लाखांची, अडीच टनांकडे झुकणारी विजेची गाडी घेणाऱ्याने स्वतःची समजूत घालू नये. लहान गाडी आणि गच्चीवर पॅनेल, असं करणाऱ्याला ते म्हणायचा अधिकार आहे.

जुनी गाडी विकताना भाव येईल का, ही शंका मात्र रास्त आहे आणि तिचं पूर्ण समाधान करणारं उत्तर आज नाही. 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर ही बॅटरीची हमी सर्रास मिळते. काही कंपन्यांनी पहिल्या मालकाला आजीवन हमी दिली आहे, पण मालक बदलला की ती आखडते. म्हणून चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असलेल्यांनी थांबावं. दहा वर्षं वापरणाऱ्यांनी भिऊ नये. हमीच्या कागदावर उष्णतेविषयी आणि जलद चार्जिंगविषयी काय लिहिलं आहे, तेवढं वाचावं. बसण्याचंही बघा. बॅटरी पायाखाली असल्याने मागची जमीन उंच येते आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे वर राहतात. आई-वडिलांना मागे बसवून तासभर चक्कर मारल्याशिवाय हे कळत नाही. काही मॉडेलांत जादा चाक नसतं, फक्त पंक्चरची पेटी असते. बाभळीच्या काट्यांच्या पांदणीने शेतावर जाणाऱ्या कास्तकाराला ती पेटी पुरणार नाही.

तेव्हा माझा निकाल असा. स्वतःचं अंगण किंवा पक्कं पार्किंग, महिन्याला हजारावर किलोमीटर आणि दहा वर्षांची तयारी, एवढं असेल तर 45 ते 50 युनिटांची, एलएफपी बॅटरीची, पाच जणांची एसयूव्ही घ्या. यातली एक गोष्ट नसेल तर पेट्रोलची घ्या आणि लाजू नका. आणि निवड ठरली तरी बुकिंगचे पैसे भरण्याआधी दोन कामं करा. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, सगळं कुटुंब बसवून, एसी चालू ठेवून, ती गाडी मूर्तिजापूरपर्यंत नेऊन आणायला मागा. दुसरं, महावितरणच्या कार्यालयात भारवाढीचा अर्ज द्या. त्याला लागणारे दिवस गाडीच्या प्रतीक्षायादीतच निघून जातील.