‘म्हणून’च्या आड काय दडलंय?

(विहाराच्या वर्धापनदिनी राळेगाव येथे केलेलं भाषण)



आम्ही जिनिंगमधले कामगार. कापसातून सरकी वेगळी काढायची, हा आमचा धंदा. बोलण्याच्या पोटातही अशीच सरकी असते. वरून दिसत नाही. स्पर्धा परीक्षेत तिला ‘गृहीतक’ म्हणतात.

आपल्या वस्तीतली पोरं बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षा देतात. पाठांतर पक्कं असतं, पण ‘विधान आणि गृहीतक’ आलं की गाडी अडते. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्या भीतीनं प्रश्नच सोडून देतात. म्हणून आज यावरच बोलू.

गृहीतक म्हणजे काय? बोलणारा जे तोंडानं बोलत नाही, पण जे खरं धरल्याशिवाय त्याचं म्हणणं उभंच राहत नाही, ते.

समजा कुणी म्हणालं, ‘विहारात अभ्यासिका काढा, म्हणजे पोरं परीक्षेत पुढे जातील.’ खाली दोन गृहीतकं दिली. पहिलं, पोरं अभ्यासिकेत येऊन बसतील. दुसरं, अभ्यासिकेशिवाय कुणीच पास होत नाही. आता प्रत्येक वाक्य उलटं करून पाहा. पोरं आलीच नाहीत, तर? सगळं म्हणणं कोसळतं. म्हणजे पहिलं गृहीतक आहे. अभ्यासिकेशिवायही काही जण पास होतात, तर? तरी अभ्यासिकेचा उपयोग राहतोच. म्हणजे दुसरं गृहीतक नाही. ‘कुणीच’, ‘फक्त’, ‘नेहमीच’ असे शब्द दिसले की दोनदा तपासा.

पण बंधूंनो, ही विद्या नुसत्या गुणांसाठी नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता. तरी सवर्ण मंडळी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे, असं म्हणाली. आणखी म्हणाली, अस्पृश्यांनी इथलं पाणी कधी भरलं नाही, म्हणून त्यांना हक्क नाही. या ‘म्हणून’च्या आड काय दडलं होतं? की आजवर जे करू दिलं नाही, तोच कायदा! बाबासाहेबांची बाजू नऊ वर्षांहून अधिक काळ लढली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की अशी अनादी काळापासूनची रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही. दडलेलं गृहीतक उजेडात आणून त्याचा पुरावा मागितला, तिथंच दावा कोसळला.

आजही आपल्या पोरांना ऐकावं लागतं, ‘आरक्षणातून लागला, म्हणजे लायकी नाही.’ यातलं गृहीतक शोधा. कट-ऑफच्या चार गुणांवरून कामाची लायकी ठरते, आणि सगळे एकाच रेषेवरून धावले. कशावरून? पदवी तीच, नेमणुकीनंतरचं प्रशिक्षण तेच, कामही तेच. रागावू नका, शांतपणे हेच विचारा.

आणि आपल्या घरातही पाहा. ‘पोरीले शिकवून काय फायदा, परक्याच्या घरी जानार हाये.’ इथं काय गृहीत धरलं? की शिक्षणाचा फायदा म्हणजे फक्त आईबापाचा फायदा! पोरीचा स्वतःचा काहीच नाही? दुसऱ्याची सरकी काढतो, तशी आपलीही काढली पाहिजे.

तथागतांनी कालामांना हेच शिकवलं. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून मानू नका. नुसतं तर्काला पटलं म्हणूनही मानू नका. कारण तर्क कितीही सरळ असला, तरी पाया चुकीचा असू शकतो.

आमची एकच विनंती. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास द्या. वर्तमानपत्रातलं एखादं विधान घ्या, पोरा-पोरींना विचारा, यात न बोललेलं काय आहे? आईबापांनीही बसावं. पास होणारा होईलच. पण कुणाच्या ‘म्हणून’ला फसणार नाही, असा माणूस वस्तीत तयार होईल.

नमो बुद्धाय! जयभीम!