साजांतील तांबडा खडा

कोल्हापुरास महालक्ष्मीच्या देवळाजवळ गुजरी म्हणून सराफांची पेठ आहे. तेथें कोल्हापुरी साज पाहावयास मागितला म्हणजे जवमण्यांत ओंवलेलीं एकवीस पानें समोर येतात. परंपरेच्या हिशेबानें दहा पानें विष्णूच्या दहा अवतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, एक डोरल्याचें, आणि उरलेलीं दोन एक हिरवें, एक तांबडें. म्हणजे पाचू आणि माणिक. सोन्याचा पत्रा पातळ, आंत लाख भरलेली. मासा, कासव, कमळ यांत कारागिराचा हात दिसतो. पण घरांतील लहान मुलाचें बोट प्रथम जातें तें तांबड्या खड्यावर.

कोल्हापुरच्या काळ्या कातळांत माणिक सांपडत नाहीं. नांवाजलेलें माणिक येई तें ब्रह्मदेशांतील मोगोकहून व सिंहलद्वीपांतून. गरुडपुराणांत त्याची जन्मकथा आहे. बल नांवाच्या असुराचें रक्त घेऊन सूर्य आकाशमार्गानें चालला असतां रावणानें त्यास अडविलें. तें रक्त लंकेंतील नदींत पडलें व त्याचीं माणकें झालीं. म्हणून माणिक सूर्याचें, आणि तें रविवारीं अनामिकेंत घालावयाचें.

नीलम शनीचें. सूर्य आणि शनि हे बापलेक, पण हाडवैरी. सबब हीं दोन रत्नें एकत्र वापरूं नयेत असें ज्योतिषी बजावतात. रसायनशास्त्र मात्र या भांडणांत मोठी विचित्र साक्ष देतें. दोन्ही रत्नें एकाच खनिजाचीं. कुरुविंद हें त्याचें नांव. ॲल्युमिनियम व प्राणवायु यांच्या संयोगानें तें बनतें आणि शुद्ध असतां रंगहीन असतें. त्यांत क्रोमियमचा अंश शिरला कीं माणिक; लोह व टिटॅनियम शिरलें कीं नीलम. वैर राहूं द्या, नातें तरी पुराणकारांनीं बरोबर जुळविलें! काठिण्याच्या मापांत हिरा 10, आणि हीं दोघें 9.

माणिक अंधारांत दिव्यासारखें उजळतें, ही जुनी समजूतही अगदींच भाकड नव्हे. अतिनील किरण पडले असतां त्यांतील क्रोमियम स्वतःचा तांबडा प्रकाश टाकतें; गर्द काळोखांत अर्थातच कांहीं दिसत नाहीं. 1960 सालीं थिओडोर मैमन यांनीं पहिला लेसर चालविला, तोही कृत्रिम माणकाच्या कांडीवर.

गृहिणीच्या मनांतील प्रश्न मात्र निराळा असतो. आपल्या साजांतील माणिक खरें कीं खोटें? मुलीच्या लग्नासाठीं आजीचा साज मोडावयास नेला, आणि खडा व लाख वजा करून सोन्याचें तेवढें मोल सांगितलें, कीं घरच्यांचे चेहरे उतरतात. प्रत्येक वेळीं कोणी फसविलेलेंच असतें असें नव्हे. कित्येक साजांत मुळांतच रंगीत कांच बसविलेली असते. इंग्लंडच्या राजमुकुटांतील 'काळ्या राजपुत्राचें माणिक' शतकानुशतकें माणिक म्हणून मिरवलें, आणि तें निघालें लालडी! मग आजीबाईंस कोणी काय म्हणून हंसावें?

शिवाय 1902 सालीं व्हर्नुई या फ्रेंच रसायनज्ञानें कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली. ॲल्युमिनाच्या बारीक भुकटींत क्रोमियम घालून ती प्रखर ज्वालेंत वितळवावयाची. हा खडा रंगानें, काठिण्यानें व वजनानें माणिकच असतो. मनगटी घड्याळांतील 'ज्वेल' बहुधा हेच. त्यास ओळखावयाचें तें भिंगाखालीं. खाणींतल्या माणकांत रेशमासारखे बारीक तंतू आणि सरळ, कोन करणाऱ्या रेषा आढळतात. ज्वालेंतल्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वळणदार रेषा. कांचेंत वाटोळे बुडबुडे, आणि वापरानें झिजलेल्या कडा.

या शतकांत आणखी एक प्रकार बाजारांत आला आहे: भेगाळलेल्या हलक्या माणकांच्या भेगा शिशाच्या कांचेनें भरून तीं तेजस्वी दिसतील असें करणें. अशा खड्यास डाकाची आंच किंवा उजळणीचें आम्ल लागलें तर भरलेली कांच बिघडते व भेगा उघड्या पडतात. म्हणून साज दुरुस्तीस देतांना खडा कोणता हें आधीं विचारावें, आणि कारागिरास तो उतरवूनच काम करावयास सांगावें.