जावरची खाण कोणाची?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



उदयपूरच्या दक्षिणेस साधारण चाळीस किलोमीटरवर, भील-मीणांच्या डोंगराळ मुलुखात, जावर नावाचे गाव आहे. तेथील जुन्या घरांच्या पडक्या भिंती विटांच्या नाहीत. त्या वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींच्या आहेत. आसपास अशाच मुशींचे आणि धातुमळीचे ढीगच्या ढीग पडले आहेत. शिसे, जस्त आणि चांदी यांचा आपल्या देशातील इतिहास वाचावयाचा तर या उकिरड्यापासूनच आरंभ करावा लागतो.

शिसे काढणे त्या मानाने सोपे; चांदी बहुधा त्याच्याच पोटात सापडते. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते मोकळे होते तेच मुळी हजार अंशांच्या वर, आणि उकळते ९०७ अंशांना. म्हणजे भट्टीत ते द्रवरूपाने हाती येतच नाही, वाफ होऊन उडून जाते. जावरच्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला त्याला तोड नाही. वांग्याच्या आकाराच्या मुशीत भाजलेल्या खनिजाचे मिश्रण भरावयाचे, नळीत एक काटकी खोचावयाची आणि मूस उलटी करून भट्टीत बसवावयाची. काटकी मिश्रणाला खाली घसरू देत नसे. ती जळून गेली की तिच्याच वाटेने जस्ताची वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरे आणि तेथे धातू गोठे. एकेका भट्टीत अशा छत्तीस मुशी असत. १९८० च्या दशकात बडोद्याचे विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून येथे उत्खनन केले, तेव्हा या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. खाणींतील लाकडी आधार तर दोन हजार वर्षांहून जुने ठरले.

इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. त्याचीही वाफ खालीच उतरत असे. ही युक्ती हिंदुस्थानातून गेली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पेटंटावर चॅम्पियनचे नाव आहे; काटकी खोचण्याची युक्ती प्रथम ज्याला सुचली त्याचे नाव कोठेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नल टॉडने मेवाडचा वृत्तांत लिहिला, तोवर या खाणी बंद पडल्या होत्या. टॉडने या धातूला कथील म्हटले! विद्या जाणणारी माणसे उरली नाहीत, की विद्येचे नावही हरवते.

पुढचा इतिहास आपल्या जवळचा. १९४० च्या दशकात एका खाजगी कंपनीने खाण पुन्हा चालू केली. १९६५ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९६६ च्या जानेवारीत ‘हिंदुस्तान झिंक’ स्थापन झाली. नुकसानभरपाईच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, म्हणून १९७६ मध्ये दुसरा करावा लागला. दरम्यान देबारीचा कारखाना उभा राहिला होता. १९७७ साली भिलवाडा जिल्ह्यात रामपुरा-आगुचाचा प्रचंड साठा सापडला, आणि १९९१ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. शोधाचा खर्च आणि जोखीम जनतेच्या पैशाने सोसली गेली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

कारण २००२ साली सरकारने यातील २६ टक्के भाग आणि व्यवस्थापन ४४५ कोटी रुपयांना स्टरलाइट समूहाला दिले. पुढल्याच वर्षी आणखी भाग देऊन सरकार २९.५४ टक्क्यांवर आले. सार्वजनिक कारभार निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. परंतु जमिनीखाली नेमके काय दडले आहे हे हुडकून झाल्यावर खाण विकावयाची, तर किंमत कशाची लावली, हे विचारण्याचा अधिकार खाणकामगाराला आणि त्या डोंगरातल्या आदिवासीला आहे की नाही? अधिकाऱ्यांच्याच एका संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या विक्रीबाबत सीबीआयला रीतसर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याच निकालाने सरकारला उरलेला भाग बाजारात विकण्याचीही मोकळीक दिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्यातला काही भाग विकला गेलाही.