गाडीचा ठोका आणि वहिनींची वही

कामं उरकून, किंवा उरकता उरकता रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या आणि आज्यांना आमच्या बचत गटाचा रामराम.

आज आम्ही पापडाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या अर्जाबद्दलही नाही. आज बोलायचंय गाडीच्या इंजिनाबद्दल. लगेच रेडिओ बंद करू नका. आता आपल्या कितीतरी गटांनी टेम्पो घेतलेत, कुणी घ्यायच्या विचारात आहेत. त्या सगळ्यांना हे कधी ना कधी उपयोगी पडेल.

आम्ही बाराजणी. वाईजवळच्या एका गावात हळद, मसाला आणि कुरडया-पापड करतो. माल पसरणी घाटानं वर पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांत जातो. पूर्वी भाड्याची गाडी करायचो. भाडं परवडेना, तेव्हा बँकेचं कर्ज काढून पेट्रोलवर चालणारा लहान टेम्पो घेतला. गाडी चालवायला आमच्यातल्याच एक वहिनी पुढे आल्या. रीतसर शिकल्या, लायसन्स काढलं आणि स्टिअरिंगवर बसल्या.

वर्षभर सगळं बरं चाललं. मग एक दिवस वहिनी म्हणाल्या, "घाटात इंजिन ठोकतंय. टकटक, टकटक, डब्यात खडे हलवावे तसं."

आम्ही काय म्हणालो? खोटं कशाला सांगू. आधी कुणी म्हणालं, तुमचा भास असेल. मग गावातून बोलणं आलं, "बाई चालवते म्हणून गाडीची वाट लागली." आणि मैत्रिणींनो, ते बोलणं आमच्यातल्या चौघींच्या तोंडी आलं. मासिक बैठकीत विषय निघाला, पुरुष ड्रायव्हर ठेवायचा का. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या.

गाडी एका मिस्त्रींना दाखवली. त्यांनी रेस देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ताई, बोअर गेलेलं दिसतंय. इंजिन खोलावं लागेल. अडतीस हजार धरून चाला." महिन्याचा हप्ता अकरा हजार चारशे. अडतीस हजार आणायचे कुठून? आम्ही अंतर्गत बचतीतून उचल घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला पंधरा दिवस द्या." त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि रोज लिहायला लागल्या. पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं, माल किती किलो, आवाज कुठल्या वळणावर आला, गिअर कितवा, गाडी गार होती की तापलेली. शेजारी बसणारीनं मोबाईलवर आवाजही भरून घेतला.

आता हा ठोका असतो काय, ते जरा समजून घेऊ. आपल्यातल्या थोरल्या बायकांनी एका उखळात दोघींनी मिळून कांडलंय. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. ताल जमला की काम हलकं होतं. एकीनं जराशी घाई केली की मुसळावर मुसळ, खट्! पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. तो अगदी वर पोहोचायच्या किंचित आधी प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि त्या जोरानं पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली, तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब नको तेवढा वाढतो. मग ठिणगीची आग पोहोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्या धक्क्याचा हा टकटक आवाज. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. असं बरेच दिवस चाललं तर पिस्टन खराब होऊ शकतो, म्हणून "आवाजच आहे, चालू द्या" असं म्हणायचं नाही.

नॉकिंगची कारणं अनेक. पेट्रोल हलक्या प्रतीचं किंवा भेसळीचं. इंजिन जास्त तापणं. आत काजळी, म्हणजे कार्बन साचणं. चुकीचा प्लग. ओझं जास्त असताना चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणं. आणि एक कारण असं, जे आमच्या स्वप्नातही नव्हतं. ते म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम.

हो, गाडीला कॉम्प्युटर असतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. मेकॅनिक तिला ईसीएम म्हणतात. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, हे तीच ठरवते. तिच्यात एक तक्ता भरलेला असतो: इंजिनाचा वेग इतका, ओझं इतकं, तर ठिणगी इतकी आधी. बऱ्याच गाड्यांत इंजिनाला ठोका ऐकणारा एक सेन्सरही बसवलेला असतो. त्याला ठोका ऐकू आला की कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. पण मुळातला तक्ताच एखाद्या परिस्थितीत नीट बसत नसेल, तर ठोका पुन्हा पुन्हा येतो. अशा तक्रारी आल्या की कंपनी तो तक्ता सुधारून नवा प्रोग्रॅम काढते आणि सर्व्हिस सेंटरला पाठवते.

वहिनींच्या वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. पंप बदलून दोन टाक्या भरल्या, आवाज तसाच. माल कमी केला, थोडा कमी झाला पण गेला नाही. गार गाडीला कधीच नाही. घाट निम्मा चढून इंजिन तापलं, तिसरा गिअर असला आणि अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबलेला असला, की हमखास. दुसऱ्या गिअरवर घेतली की बंद.

गाडीची वॉरंटी अजून शिल्लक होती. आम्ही तिघी सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी सपाट रस्त्यावर चक्कर मारली आणि म्हणाले, "काही नाही, नव्या गाड्या अशाच असतात." आम्ही परत आलो. आठवड्यानं पुन्हा गेलो, या वेळी वही घेऊन आणि गाडीत मालाची पोती भरून. वहिनी म्हणाल्या, "दादा, तुम्ही घाटात चला. मी चालवते, तुम्ही ऐका." तिथला एक तरुण मेकॅनिक तयार झाला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्यानं स्कॅनर जोडला. घाट निम्मा चढल्यावर टकटक सुरू झाली. तो स्कॅनरकडे बघत म्हणाला, "ताई, चालवण्यात काही चूक नाही. ठिणगी लवकर पडतेय."

खाली आल्यावर त्यानं प्लग तपासले, कूलंट तपासलं, ते ठीक होतं. मग लॅपटॉपवर पाहिलं, तर आमच्या गाडीत जुना प्रोग्रॅम होता आणि कंपनीचा नवा आलेला होता. बॅटरीला चार्जर लावून त्यानं नवा प्रोग्रॅम भरला. चार्जर का, तर मध्येच वीज कमी पडली तर ती पेटीच निकामी होऊ शकते. पाऊण तास लागला. वॉरंटीत असल्यानं पैसे लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पोती घेऊन तोच घाट चढलो, आवाज नाही. त्यानंतर दोन महिने झाले, अजून नाही.

विचार करा, आम्ही बाहेर इंजिन खोललं असतं तर अडतीस हजार गेले असते, वॉरंटीवर पाणी पडलं असतं आणि प्रोग्रॅम जुनाच राहिल्यानं ठोकाही तसाच राहिला असता.

पण प्रोग्रॅम बदलला की सगळेच आवाज जातात, असं समजू नका. बेअरिंग झिजलं असेल, ऑइल कमी झालं असेल, तर तो ठोका वेगळा, जड, ठकठक असा येतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची, तिथे कुठलाही प्रोग्रॅम कामाचा नाही. डिझेल गाडीला थोडा टकटक आवाज मुळातच असतो. तो अचानक वाढला तर मात्र दाखवायचा.

म्हणून आमच्या अनुभवातून एवढं सांगतो. आवाज कधी, कुठे, कुठल्या गिअरला येतो ते लिहून ठेवा. आवाज मोबाईलवर भरून घ्या, पण चालवणारीनं नाही, शेजारी बसलेलीनं. इंजिन खोलायच्या आधी स्कॅनर लावायला सांगा आणि विचारा, "आमच्या गाडीसाठी नवा सॉफ्टवेअर अपडेट आलाय का?" वॉरंटी असेल तर बाहेर काही खोलू देऊ नका. तक्रार जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि कुठला प्रोग्रॅम काढला, कुठला भरला, हेही लिहून मागा. कुणी म्हणालं, "मी स्वस्तात प्रोग्रॅम भरून देतो, पिकअप वाढेल," तर नको म्हणा. चुकीच्या तक्त्यानं ठोका उलट वाढतो. आणि सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

राहिली एक गोष्ट. पुढच्या मासिक बैठकीत आम्ही ड्रायव्हर बदलण्याचा विषय इतिवृत्तातून नुसता खोडला नाही. त्याखाली लिहिलं, "वाहनाचा दोष सॉफ्टवेअरचा होता. चालकाचा नव्हता. गट दिलगीर आहे." खाली बाराजणींच्या सह्या केल्या. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "सह्या झाल्या ना? चला, पोती भरा. उशीर होतोय."

तुमच्या गटाच्या गाडीचा काही अनुभव असेल तर आम्हाला जरूर कळवा.